कोंडवाड्याचे पिंडर

हॅगरबीत सिरिल पिंडरला कुणी नुसतं "काय, बरं आहे ना?" असं विचारलं, तरी तो उत्तराला सहाशे वर्षांपूर्वीपासून सुरुवात करी. तिथून आपल्या गुडघ्यांपर्यंत यायला त्याला बराच वेळ लागे.

"पिंडर म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. ठाऊक सगळ्यांनाच होतं, त्यानेच ते सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. पण 'हो' म्हटलं की तो परीक्षा घेई आणि 'नाही' म्हटलं की मुळापासून सुरू करी. म्हणून शहाणी माणसं शेगडीवर काहीतरी ठेवून आल्याचं सांगून सटकत.

पिंडर म्हणजे मोकाट सुटलेली जनावरं धरून गावाच्या कोंडवाड्यात घालणारा माणूस. जुन्या इंग्रजांच्या बोलीत कोंडून ठेवण्याला जो शब्द होता, त्यावरून आधी कामाचं नाव पडलं आणि कामावरून माणसाचं. पुढे शेतांना कुंपणं आली, जनावरं कुंपणात गेली, कोंडवाडे ओस पडले. कितीतरी गावांनी त्यांचे दगड काढून बागांना कठडे बांधले. शब्द मेला, आडनाव तेवढं मागे राहिलं, आणि ज्यांच्यामागे ते राहिलं त्यांनाही त्याचा पत्ता उरला नाही. लेस्टरला राहणाऱ्या सिरिलच्या मुलाला तर लोक विचारत, हे आडनाव कुठल्या देशाकडचं म्हणून.

हॅगरबीत मात्र कोंडवाडा शाबूत होता. चर्चच्या मागे, माणसापेक्षा उंच अशी दगडी गोल भिंत आणि तिला ओकचं एकच जाड दार. गावाची मोठी शेतं अजून कुंपणावाचून होती, त्यामुळे जनावरं सुटत. जनावरं सुटत म्हणून दर नोव्हेंबरात 'प्लाउ' पबमध्ये गावच्या पंचांचं कोर्ट बसे, आणि कोर्ट बसे म्हणून पिंडर नेमला जाई. तो नेहमी पिंडरांच्याच घरातला असे. दुसरं नाव कुणी कधी सुचवल्याचं ऐकिवात नव्हतं, कारण भर पावसात दुसऱ्याची डुकरं हाकायची हौस दुसऱ्या कुणाला नव्हती.

सिरिलच्या हिशेबाने जगात दोनच तऱ्हेची माणसं होती. आडनावाचं काम अजून करणारी आणि ते सोडून दिलेली. पहिल्या तऱ्हेत तो एकटाच होता. बेकर पाव भाजायचे सोडून विमा विकत होता, तिरंदाजाचं आडनाव लावणाऱ्या आर्चरला जाड भिंगाचा चष्मा होता, आणि पंचांचा मुख्य मॉरिस स्पेट याचं आडनाव तर एका जुन्या बोलीतल्या सुतारपक्ष्याचं होतं. "म्हणून हा सारखा दुसऱ्याच्या लाकडावर टोचा मारतो," असं सिरिल म्हणे. स्पेटला ते आवडत नसे, पण खोटंही पाडता येत नसे.

कोंडवाड्याचा नियम साधा होता, पण लोकांना तो दंडापेक्षा जड जाई. जनावर सोडवायला मालकाने स्वतः दाराशी यायचं, पंचांपैकी कुणाच्या तरी देखत म्हणायचं, "हे जनावर माझं आहे, त्यानं केलेलं नुकसान माझ्या अंगावर." मग पिंडर विचारणार, "कोणतं नुकसान?" ते मालकाने आपल्या तोंडाने सांगायचं. पिंडरने सांगून चालत नाही, शेजाऱ्याने सांगून चालत नाही. आपल्या बोकडाने कुणाची कोबी खाल्ली हे चार माणसांत स्वतः उच्चारायचं म्हटलं की भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडे. काही जण पैसे मोजून सुटायला बघत, पण पैशांची सोय त्यात नव्हती.

आता अडचण होती ती सिरिलच्या गुडघ्यांची. चार वर्षं झाली, जनावरं धरत होती ती लॉर्ना, आणि सिरिल भिंतीला टेकून सूचना देत होता. लॉर्ना त्याची सून. म्हणजे होती. त्याचा मुलगा रसेल लेस्टरला घरामागे लावायच्या काचेच्या खोल्या विकायचा आणि चार वर्षांपूर्वी तिथल्याच एका गालिचेवालीकडे राहायला गेला होता. लॉर्ना गावातच राहिली. तिच्या कोंबड्या होत्या, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी होती, आणि सिरिलच्या मागच्या अंगणाला लागून असलेलं छोटं घर भाड्याने मिळालं होतं. घटस्फोटाबद्दल सिरिलने कधी चकार शब्द काढला नाही. तिने पिंडर टाकून माहेरचं ट्रँटर पुन्हा लावलं, याबद्दल मात्र तो पबमध्ये बरेच दिवस हळहळत होता.

कोर्टाच्या आदल्या संध्याकाळी लॉर्ना मागच्या दाराने आत आली, ती कोपरापर्यंत चिखलात माखून.

"डॉल्टनबाईंचा मेंढा," ती म्हणाली. "पाद्रीबुवांच्या शेवंतीत होता. घातला आत."

"शिंगं डावीकडून धरलीस का?"

"मिळाली तिकडून धरली."

"डावीकडून धरायची असतात."

"पुढच्या वेळी त्यालाच सांगेन, जरा वळून उभा राहा म्हणून." तिने हात धुतले आणि रोजच्यासारखी चहाची किटली भरली.

सिरिलने घसा साफ केला. "उद्या रसेल येतोय."

गॅस पेटवायला गेलेला तिचा हात थांबला. "कशाला?"

"कोर्टाला. किल्ली त्याला देणार आहे मी. पंचांपुढं नाव घेऊन दिली, की झाला तो पिंडर."

"गाय दिसली की गाडीच्या काचा वर घेतो, तो रसेल?"

"शिकेल."

"आणि पिंडरनं वर्षभर गाव सोडायचं नसतं ना? मेंढे काय लेस्टरहून पकडणार? फोनवर?"

"पकडायला तू आहेसच की," सिरिल बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याला जरा उशिरा कळलं.

"म्हणजे नाव त्याचं आणि चिखल माझा."

"तसं नव्हे गं. आडनाव आहे, लॉर्ना. माझ्या हातून तुटायला नको. तू पिंडर असतीस तर गोष्ट वेगळी होती."

"होते की, चांगली दहा वर्षं. तेव्हा कुठं दिलीत?"

सिरिलने बिस्किटाचा डबा उघडला. 

"माझ्या बहिणीला विटबीत तिच्या खाणावळीसाठी माणूस हवंय," लॉर्ना त्याच्याकडे पाठ करून म्हणाली. "सोमवारपर्यंत थांबते म्हणालीये. उद्या किल्ली रसेलच्या हाती गेली, की मी जाते."

"किती दिवस?"

"जाते म्हणाले. जाऊन येते नाही म्हणाले."

"शेवटी ट्रँटरच तू," सिरिलने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "ट्रँटर म्हणजे ठाऊक आहे ना? घोड्यावर माल लादून गावोगाव—"

"ठाऊक आहे. माझ्या लग्नातल्या भाषणात तुम्हीच सांगितलंत. पाहुण्यांचं सूप निवेपर्यंत."

तिने त्याच्यापुढे चहा ठेवला, डॉक्टरांनी एक सांगितला असताना दोन चमचे साखर घातलेला, आणि गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर सिरिलला बरं वाटलं असतं. त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही, पण त्याचं खापर त्याने गुडघ्यांवर फोडलं.

सकाळी रसेल आला तो पांढऱ्या बुटांत. गाडीतून उतरताना त्याने आधी जमीन न्याहाळली, मग आकाश, आणि मग बाप.

"म्हणजे बाबा, मला नक्की करायचं काय? वर्षातून एकदा यायचं, किल्ली घ्यायची, फोटो काढायचा?"

"फोटो कशाला?"

"आमच्या जाहिरातीत टाकीन. 'सहाशे वर्षांचा विश्वास.' खाली काचेची खोली."

सिरिलला हे खुपलं, पण आज त्याने खुपून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. कोर्ट बसायच्या आत कोंडवाडा रिकामा दिसला पाहिजे, पंच येऊन बघून जातात, म्हणून डॉल्टनबाई यायच्या आधी मुलाला जागा दाखवावी या बेताने तो काठी टेकत निघाला. कुलूप बाहेरच्या बाजूला होतं आणि जुन्या धाटणीचं. दार नुसतं लोटलं तरी आपसूक बसायचं, उघडायला मात्र बाहेरून किल्ली लागायची. म्हणून आत जाताना दाराला दगड लावायचा, हे सिरिलने मुलाला दोनदा सांगितलं. दगड लावला. किल्ली खिशात ठेवली. दोघं आत गेले.

मेंढा पलीकडच्या भिंतीशी उभा होता. त्याच्या तोंडात अजून एक पिवळी शेवंती होती. त्याने रसेलच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं आणि चघळणं थांबवलं.

"घाबरू नकोस. शिंगं डावीकडून—" सिरिलने सुरुवात केली. तोवर रसेल मागे फिरला होता, मेंढा पुढे निघाला होता, आणि दोघं दाराशी एकदमच पोचले. दगड उडाला, दार धाडकन मिटलं, बाहेर कुलूप खट्कन बसलं. मेंढ्याने दाराला एक धडक देऊन पाहिली, निकाल मान्य केला आणि पुन्हा शेवंती चघळायला लागला.

"किल्ली कुठंय?" रसेलने भिंतीला पाठ चिकटवून विचारलं.

"आहे की. खिशात."

"आणि कुलूप?"

"बाहेर."

बापलेक काही वेळ दाराकडे बघत उभे राहिले. त्यांच्या घराण्याने सहाशे वर्षांत हा प्रकार केला नव्हता, निदान तसं कुणी सांगितलं नव्हतं.

सिरिल उलट्या घातलेल्या बादलीवर बसला. तीन हिवाळे तो या दाराच्या आत आला नव्हता. एका कोपऱ्यात पत्र्याखाली कोरडा चारा रचला होता. पाण्याच्या कुंडावरचा बर्फ सकाळीच कुणीतरी फोडला होता. ज्या अंगाने वारा येई, तिथल्या भिंतीच्या फटी कुणीतरी पोत्यांनी बुजवल्या होत्या. यातलं काहीही करायला त्याने लॉर्नाला सांगितलं नव्हतं. तो फक्त शिंगं कुठून धरायची ते सांगत आला होता.

"लॉर्नाला फोन लाव," तो म्हणाला.

"तिनं माझा नंबर बंद करून टाकलाय."

"का?"

रसेलने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "बाबा, आज विचारताय हे? चार वर्षांनी?"

"आज आत आहे म्हणून विचारतोय. बाहेर असतो तर कामं होती."

रसेल बुटावरचा चिखल गवताला पुसत राहिला. मग म्हणाला, "तिच्या वाढदिवशीच घर सोडलं मी. तसं ठरवून नव्हतं, व्हॅन त्याच दिवशी मिळाली. सामान भरायला दोन मित्र आले होते, त्यांनी दिसेल ते उचललं. किटलीसुद्धा. ती शाळेतून आली तेव्हा घरात चहा करायलासुद्धा काही नव्हतं."

"आणि परत नाही दिलीस?"

"लाज वाटली."

सिरिलला ती संध्याकाळ आठवली. लॉर्ना मागच्या दाराने आली होती आणि तुमच्याकडे जरा चहा करू का, असं तिने विचारलं होतं. तो खूष झाला होता, कारण ऐकायला कुणीतरी मिळालं होतं. तिने चहा केला, समोर बसली, आणि त्याने तिला दक्षिणेकडचे पिंडर स्वतःला पाउंडर का म्हणवतात ते सविस्तर समजावलं. तिचे डोळे लाल होते. त्याला वाटलं, कांदा. त्यानंतर ती रोज येत राहिली आणि तो रोज बोलत राहिला. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की तो बादलीवरून उठून उभा राहिला, आणि गुडघे दुखल्याचंही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"पबला लाव फोन," तो म्हणाला. "कुणीतरी येईल."

फोन मॉरिस स्पेटने उचलला. "कोण, पिंडर? बोल की. कुठून बोलतोयस? आतून?" मग पलीकडे बराच वेळ नुसते आवाज आले, आणि ते मदतीला धावणाऱ्या माणसांचे वाटत नव्हते.

कुणीतरी यायचं, तर सगळं कोर्टच आलं. पंच आले, डॉल्टनबाई आल्या, आर्चर चष्मा पुसत आला, बेकर हातात अर्धा खाल्लेला मांसाचा पॅटिस घेऊन आला. ते कुणीही आतून दिसत नव्हते, पण सिरिलने त्यांना हसण्यांवरून ओळखलं.

"आत काय काय आहे?" भिंतीपलीकडून स्पेटने कोर्टातल्या आवाजात विचारलं.

"मॉरिस, थट्टा पुरे. किल्ली फेकतो, दार उघड."

"मी कसा उघडू? दार पिंडरनं उघडायचं."

"मीच पिंडर आहे."

"तू आत आहेस. आत असतं ते जनावर, बाहेर असतो तो पिंडर. तूच शिकवलंस आम्हाला, बाबा रे, एकदा नाही, शंभरदा." बाहेर हशा पिकला. "आज कोर्टाचा दिवस आहे आणि पंच हजर आहेत. किल्ली तू ज्याचं नाव घेऊन देशील, तो वर्षाचा पिंडर. रसेलला द्यायची होती ना? दे की. मग दोन पिंडर आत आणि गाव बाहेर."

रसेल पुटपुटला, "बाबा, कुणालाही द्या, पण द्या." मेंढ्याची शेवंती संपली होती.

सिरिलने किल्ली खिशातून काढली. वीतभर लांब, गंजकी, त्याच्या बापाच्या आणि आजोबाच्या मुठीने गुळगुळीत झालेली. ती पिंडराशिवाय कुणाच्या हाती राहिली नव्हती. जिने चार वर्षं ती वापरली, तिलासुद्धा तो ती कामापुरती देई आणि रोज परत घेई.

"लॉर्ना आहे का तिथं?" त्याने विचारलं.

हसणं थांबलं. मग अगदी कडेने आवाज आला, "आहे."

"विटबीला गेली नाहीस?"

"किल्ली अजून तुमच्याकडंच आहे."

सिरिलने एक दीर्घ श्वास घेतला. रसेलला वाटलं बापाला धाप लागली. "पंचहो, ऐका," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "लॉर्ना ट्रँटर, पिंडर."

ट्रँटर हे नाव त्याने पहिल्यांदाच उसासा न टाकता उच्चारलं. मग किल्ली भिंतीवरून फेकली. ती खाजकुयलीत पडली, असं बाहेरच्या ओरडण्यावरून कळलं.

"पिंडरला वर्षभर गाव सोडता येत नाही, लॉर्ना," स्पेट म्हणाला. "ठाऊक आहे ना?"

  सिरिलने देवाचं नाव घेतलं नाही, पण टोपी काढून हातात धरली.

"ठाऊक आहे," लॉर्ना म्हणाली. किल्ली कुलपात गेल्याचा आवाज आला, पण ती फिरली नाही. "आत मेंढा आहे. कुणाचा?"

"हे जनावर माझं आहे, त्यानं केलेलं नुकसान माझ्या अंगावर," डॉल्टनबाई घाईघाईने म्हणाल्या.

"कोणतं नुकसान?"

"पाद्रीबुवांची शेवंती. सगळी." त्या अडखळल्या. "आणि पाद्रीबुवांची पाठ. थोडीशी."

दार उघडलं. मेंढा बाहेर गेला. सिरिल त्याच्यामागे निघाला, तर लॉर्नाने दार त्याच्या नाकासमोर लावलं. अगदी शांतपणे.

"आत एक म्हातारं आहे," तिचा आवाज आला. "कुणाचं?"

"माझं नाही बुवा," स्पेट म्हणाला. "माझ्याकडं जागा नाही."

"खातं किती?" बेकरने तोंडातला घास गिळत चौकशी केली.

"खाण्याचं काही नाही," आर्चर म्हणाला, "बोलतं फार."

सिरिलही हसला. मग हसणं ओसरलं आणि पुढे कुणीच बोलेना. त्यांची थट्टा चालली आहे हे त्याला कळत होतं. तरीही दाराच्या त्या बाजूला उभं राहून, आपल्याला 'माझं' म्हणणारं बाहेर कोण आहे, हे तो मोजायला लागला आणि त्याला एकाएकी भीती वाटली. बायको एड्ना या भिंतीपलीकडेच चर्चच्या आवारात पुरलेली होती. मुलगा त्याच्यासारखाच आत होता. आणि ज्या आडनावासाठी त्याने जन्म काढला, ते काही दाराशी येऊन 'माझं' म्हणणार नव्हतं.

"मॉरिस," लॉर्ना म्हणाली, "पिंडरला स्वतः मालक होता येत नाही ना?"

"छे. धरणारा आणि सोडवणारा एकच झाला, तर मग नियम कशाला?"

"मग ही धरा. मॉरिस स्पेट, पिंडर." तिने किल्ली काढून स्पेटच्या हातात ठेवली.

"अगं, हे काय? म्हणजे आता मी?" स्पेट हंसांनासुद्धा घाबरायचा. त्याने किल्ली लांब धरली.

"विचारा ना."

"काय विचारू? हां. हे म्हातारं कुणाचं?"

"हे जनावर माझं आहे," लॉर्ना म्हणाली. "त्यानं केलेलं नुकसान माझ्या अंगावर."

"कोणतं नुकसान?"

"चार वर्षं माझे कान खातंय."

सगळे पोट धरून हसले. दार उघडलं. सिरिल बाहेर आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वारं फार आहे आज, असं त्याने न विचारता सगळ्यांना सांगितलं. लॉर्नाने त्याच्या कोटावरचा चारा झटकला आणि स्पेटपुढे हात केला. स्पेटने इतक्या तत्परतेने कधी काही दिलं नव्हतं. "लॉर्ना ट्रँटर, पिंडर," तो एका दमात म्हणाला आणि त्याने हात पँटला पुसले. त्याच्याइतका थोडा वेळ पिंडर राहिलेला माणूस हॅगरबीने पाहिला नसेल.

"चला, कोर्टाला उशीर होतोय," बेकर म्हणाला आणि माणसं वळायला लागली.

"मी?" आतून रसेलने विचारलं.

लॉर्नाने त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग दार लोटलं, कुलूप बसलं, आणि ती किल्ली हातात धरून दारासमोर उभी राहिली.

"आत अजून एक आहे," ती म्हणाली. आता तिचा आवाज थट्टेचा नव्हता. "कुणाचं?"

माणसं जागच्या जागी थांबली. हे पोरांच्या खेळातलं नाही, हे सगळ्यांना कळलं, आणि बेकरने उरलेला पॅटिस खिशात घातला. सिरिल पंचांकडे बघायला लागला, मग दाराकडे, मग पुन्हा पंचांकडे. रसेल पिंडर आहे, हे त्याने जन्मभर सगळ्यांना सांगितलं होतं. तो आपला आहे, हे त्या संध्याकाळनंतर एकदाही म्हटलं नव्हतं, कारण म्हटलं असतं तर 'कोणतं नुकसान?' हा पुढचा प्रश्न आला असता.

"हे जनावर माझं आहे," तो म्हणाला. "फारसं कामाचं नाही. पण माझं आहे. त्यानं केलेलं नुकसान माझ्या अंगावर."

"कोणतं नुकसान?" लॉर्नाने विचारलं.

सिरिलने पुन्हा टोपी काढली. घशाला कोरड पडणं म्हणजे काय, हे तो आजवर किल्ली हातात धरून नुसतं बघत आला होता.

"तुझं घर मोडलं त्यानं," तो म्हणाला. "तुझ्या वाढदिवसाला. जाताना चहाची किटलीसुद्धा ठेवली नाही. आणि तू माझ्या दारात आलीस तेव्हा मी तुला विचारलं नाही, काय झालं म्हणून. ते त्याचं नव्हे, ते माझं नुकसान, पण आता एकातच धर."

कुणी हसलं नाही. लॉर्नाने किल्ली कुलपात घातली.

"धरलं," ती म्हणाली, आणि किल्ली फिरवली.